तीन वर्षांचे आयुष्य, पंधरा वर्षांची यंत्रे

भारताच्या कंपनी कायद्याला (२०१३) एक दुसरी अनुसूची जोडलेली आहे. कोणती मालमत्ता किती वर्षे उपयोगी समजावी, याचा तक्ता तिच्यात दिला आहे. त्यात टेबलावरच्या संगणकाचे आयुष्य तीन वर्षे धरले आहे आणि सर्व्हरचे सहा. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ४०,००० रुपयांचा संगणक पहिल्या वर्षअखेरीस २४,०००, दुसऱ्या वर्षी १४,४००, तिसऱ्या वर्षी ८,६४० आणि पाचव्या वर्षी जेमतेम ३,१०० रुपयांचा उरतो. वहीतली किंमत अशी संपत आली की यंत्र धडधाकट असले तरी कार्यालय ते मोडीत काढते.

हिशेबाचे आयुष्य आणि यंत्राचे आयुष्य यांच्यात पडलेल्या या अंतरावर एक मोठी बाजारपेठ उभी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट येथे सुटे भाग आणि वापरलेले संगणक यांचा व्यवहार चालतो. त्या दुकानांत एकावर एक रचलेल्या, काळ्या रंगाच्या, जाडजूड शब्दकोशाएवढ्या चपट्या पेट्या दिसतात. त्या आहेत बँका, विमा कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतून निघालेले छोट्या आकाराचे डेस्कटॉप. ही पेटी बिघडते का, दुरुस्त कशी होते आणि दुरुस्त करून ठेवण्यात नेमके काय वाचते, हे या लेखात पाहायचे आहे.

पेटी लहान का झाली

इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही मदरबोर्डची मापे ठरवून दिली. त्यानंतर कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘असेंबल्ड पीसी’ जुळवणारे तंत्रज्ञ तयार झाले, ते याच प्रमाणीकरणामुळे. पण कार्यालयांची गरज वेगळी होती. शेकडो टेबलांवर ठेवायच्या यंत्रात जादा कार्डे घालायची नव्हती. जागा कमी लागावी, आवाज कमी व्हावा आणि तंत्रज्ञाने दोन मिनिटांत ते उघडावे, एवढेच हवे होते. त्यातून डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क आणि लेनोव्होची थिंकसेंटर या मालिकांत बारीक चणीची रूपे आली. ऑप्टिप्लेक्स ९०२० ची छोटी पेटी २९ सेंटिमीटर उंच, ३१ सेंटिमीटर खोल आणि नऊ सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे साधारण साडेआठ लिटर आकारमानाची. २०१२ च्या सुमारास आलेला थिंकसेंटर टायनी त्याहून लहान. तो १८ सेंटिमीटर लांबरुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड आहे. त्याचे आकारमान दुधाच्या एक लिटरच्या पिशवीहून थोडेच अधिक भरते.

कार्यालयासाठी बनलेल्या या पेट्यांचा एक मोठा गुण दुकानी जाहिरातीत कधी येत नाही. त्या उघडण्यासाठीच बनवलेल्या असतात. बाजूचे झाकण एका खटक्याने निघते. हार्ड डिस्क बऱ्याचदा स्क्रूविना प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली असते. जे भाग हाताने हलवायचे, त्यांच्या कळा निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या असतात. तिन्ही कंपन्या या यंत्रांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका सर्वांना खुल्या ठेवतात. शोभेसाठी बनलेल्या यंत्रांची वाट याच्या नेमकी उलट गेली. अॅपलच्या २०१४ च्या मॅक मिनीत रॅम बोर्डालाच डाख देऊन पक्की केली होती. विकत घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

वेग कुठे थांबला

जुना संगणक आज पुरेल का, या प्रश्नाचे उत्तर १९९८ मध्ये ‘नाही’ असेच होते. १९९३ चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झवर चालत असे आणि मार्च २००० मध्ये पेंटियम-३ ने १,००० मेगाहर्ट्झ गाठले. सात वर्षांत सोळापट. अशा काळात पाच वर्षांचा संगणक खरोखरच म्हातारा असे. पुढे २००४ मध्ये पेंटियम-४ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथे धाव अडली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण त्यांचा विजेचा दाब त्या प्रमाणात कमी करता येईना. वेग वाढवला की उष्णता आवरेनाशी झाली. म्हणून कंपन्यांनी एका वेगवान गाभ्याऐवजी दोन, चार, आठ गाभे देण्याचा मार्ग धरला.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. २०१४ सालचा आय५-४५९० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झवर चालतो. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओ, मुद्रितशोधन या कामांना त्याच्याजवळ शिल्लक राहील एवढी ताकद आहे. मग तो ‘स्लो’ का वाटतो? कारण प्रोसेसर थकलेला नसतो, त्याला माहिती पुरवणारी हार्ड डिस्क मागे पडलेली असते.

सामान्य हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचनसुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते. हे झाले सुमारे चार मिलिसेकंद. सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेली माहिती शोधताना डिस्क सेकंदाला फार तर ऐंशी ठिकाणी पोचते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली उघडाव्या लागतात. तिथेच सगळा वेळ जातो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, तिथे एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. त्यामुळे जुन्या पेटीत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि रॅम आठ जीबी करणे, या दोन कामांनी जो फरक पडतो तो प्रोसेसर बदलूनही पडत नाही. रॅम घेताना एक पाहावे. साडेआठ लिटरच्या पेटीत लांब पट्टी लागते, एक लिटरच्या पेटीत लॅपटॉपची आखूड. शिवाय डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असतात. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही आणि जोर लावून बसवू नये.

काय बिघडते

दुरुस्तीसाठी आलेल्या पेट्यांमधले पुष्कळ आजार किरकोळ असतात. पहिला आजार सेलचा. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वीज बंद असताना घड्याळ आणि प्राथमिक नोंदी जिवंत ठेवणे हे त्याचे काम. तीन व्होल्टचा हा सेल काही वर्षांनी उतरतो आणि संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. परिणाम मात्र भलताच दिसतो, बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे उघडेनाशी होतात. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभ आणि अखेर अशा दोन तारखा असतात. संगणकाला २०१३ साल चालू आहे असे वाटत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. ग्राहक ‘नेट चालत नाही’ म्हणून यंत्र टाकून देतो. इलाज असतो काही रुपयांच्या सेलचा.

दुसरा आजार संपर्काचा. यंत्र सुरू होते, पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि बीप ऐकू येतात. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ आणि दमट हवेचा थर बसलेला असतो. आपल्याकडचे तंत्रज्ञ ती पट्टी काढून खोडरबराने हलकेच पुसतात, भुकटी झटकतात आणि पुन्हा घट्ट बसवतात. अनेकदा तेवढ्याने यंत्र बोलू लागते.

तिसरा आजार धुळीचा. लहान पेटीत हवेला वाट अरुंद असते. प्रोसेसरवरच्या धातूच्या पंख्यांत धूळ दाटली आणि प्रोसेसर व धातू यांच्यामधली पेस्ट वाळून पांढरी पडली की उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो किंवा यंत्र बंद करतो. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे तो भलत्या वेगाने फिरत नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली की काम झाले.

चौथा आजार गंभीर आणि त्यामागे इतिहास आहे. मदरबोर्डवर लहान नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर असतात. विजेतले चढउतार ते शोषून घेतात. २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात आलेल्या कॅपॅसिटरांच्या मोठ्या साठ्यात आतल्या द्रावाचे रसायन सदोष होते. पाण्याचा अंश असलेला तो द्राव अॅल्युमिनियमच्या पत्र्याला खाऊ लागला, त्यातून हायड्रोजन वायू सुटला आणि कॅपॅसिटर फुगून त्यांच्या डोक्यावरची खाच फुटली. अनेक कंपन्यांच्या बोर्डांना हा रोग जडला. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० यांत तो विशेष गाजला. दुरुस्ती आणि बदली यांच्या खर्चापोटी डेलने २००५ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले. यानंतर चांगल्या बोर्डांवर द्रावाऐवजी घन पॉलिमर असलेले कॅपॅसिटर सर्रास आले. २०११ नंतरच्या पेट्या त्या पिढीपेक्षा दीर्घायुषी ठरण्यामागे हे एक कारण आहे. फुगलेला कॅपॅसिटर काढून त्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा, धन-ऋण बाजू पाहून बसवणे हे डाखकाम जाणणाऱ्याला कठीण नाही.

पाचवा आजार एसएमपीएसचा. इथे छोट्या पेटीची खरी अडचण दिसते. मोठ्या कॅबिनेटचा एसएमपीएस कुठेही मिळतो, त्याच्या मुख्य जोडाला २४ पिना असतात. ऑप्टिप्लेक्स ९०२० ला आठ पिनांचा, वेगळ्या रचनेचा जोड लागतो. दुसऱ्या कंपन्यांचे जोड आणखी निराळे. बाजारात जोडतारा मिळतात, पण प्रमाणाबाहेरच्या पेटीला शेवटी त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पेटीचा भाग शोधावा लागतो. म्हणून जाणकार दुकानदार बंद पडलेली यंत्रेही टाकत नाहीत. तीन मेलेल्या पेट्यांतून दोन जिवंत करता येतात. एक सूचना येथे आवश्यक आहे. २३० व्होल्टची वीज एसएमपीएसच्या आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. पेटी कोणीही उघडावी, एसएमपीएसचा डबा मात्र नवख्याने उघडू नये. एक लिटरच्या पेट्यांत हा धोका नाही, कारण त्या लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अॅडॅप्टरवर चालतात.

निरोगी यंत्राला सेवानिवृत्ती

आतापर्यंतचे आजार हातांनी बरे होणारे आहेत. सर्वांत मोठा आघात मात्र यंत्राला हात न लावता झाला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, थोडे अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा वा पुढचा प्रोसेसर ही अट आहे. म्हणजे २०१७ च्या आधी बनलेली बहुतेक यंत्रे नापास. कॅनालिस या संस्थेने २०२३ अखेरीस अंदाज दिला, की या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. यातले बहुसंख्य न मोडलेले.

अटीमागे काहीच तर्क नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिपमध्ये किल्ल्या जपल्या तर चोरी अवघड होते, हे खरे. पण दुरुस्तीच्या सूचना येणे बंद झालेले विंडोज इंटरनेटवर वापरणे जोखमीचे आहे, हेही तितकेच खरे. म्हणून पेटी वाचवायची तर तिचे सॉफ्टवेअर बदलावे लागते. डेबियन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट या मुक्त प्रणाली दहा-बारा वर्षांच्या प्रोसेसरवर सुखाने चालतात आणि त्यांच्या सुरक्षा-सुधारणा नियमित येतात. युनिकोड देवनागरी आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्यांत आधीपासून असतो. अडचण सवयीची आहे आणि काही विशिष्ट सॉफ्टवेअरची. ज्या कार्यालयाचे काम एखाद्या विंडोज-प्रणालीवरच अडते, तिथे हा इलाज लागू पडत नाही. जिथे लागू पडतो त्याचे उदाहरण केरळ. तेथील सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण चालवले आहे.

कोणते वाचवावे, कोणते नको

‘जुने ते सोने’ हे येथे सरसकट खरे नाही. २००४ चा पेंटियम-४ नुसता बसून असताना शंभर वॉटच्या घरात वीज खाऊ शकतो. तो दिवसरात्र चालवला तर वर्षाला ८७६ युनिट होतात, युनिटला आठ रुपये धरले तर सात हजार रुपये. कमी विजेचा प्रोसेसर असलेली एक लिटरची पेटी त्याच स्थितीत बारा वॉटवर राहिली, तर वर्षाला १०५ युनिट लागतात. खर्च साडेआठशे रुपयांच्या आत. रोजच्या कामासाठी पेंटियम-४ जपणे म्हणजे गळका नळ जपणे. ढोबळ सीमारेषा २०११ ची धरावी, त्या वर्षी इंटेलची दुसरी पिढी आली.

पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे आणि वापरलेला संगणक घेणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. ‘आय५ आहे’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. आय५ हे नाव २००९ पासून चालत आले आहे. त्यापुढचा आकडा पाहावा. आय५-२४०० दुसऱ्या पिढीचा, ४५९० चौथ्या, ६५०० सहाव्या, १०५०० दहाव्या पिढीचा. आकड्यानंतर ‘टी’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा. याशिवाय बायोसला कुलूपशब्द लावलेला नाही ना, हे दुकानातच पाहावे.

वाचवण्यामागचा पर्यावरणाचा हिशेबही नीट मांडायला हवा. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एक डेस्कटॉप आणि १७ इंची जुन्या पद्धतीचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत असे. घरगुती वापरातल्या संगणकाच्या आयुष्यभराच्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा तो बनवण्यातच खर्च होते, असाही त्या संशोधनाचा निष्कर्ष होता. आकडे त्या काळच्या यंत्रांचे आहेत, पण दिशा बदललेली नाही. चिप बनवण्याचे काम अतिशय शुद्ध द्रव्यांचे आणि म्हणून अतिशय खर्चाचे असते. भंगारातून तांबे आणि सोने थोडेफार परत मिळते. चिप बनवताना जळलेले इंधन परत मिळत नाही. ते वसूल करण्याचा मार्ग एकच, तीच चिप अधिक वर्षे वापरणे.

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के नोंदणीकृत रीतीने गोळा होऊन पुनर्चक्रित झाला, असे ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर २०२४’ सांगतो. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तिथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, बोर्ड अॅसिडात बुडवले जातात आणि तो धूर माणसे श्वासातून घेतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना, म्हणजे रिफर्बिशरांना, नोंदणीच्या चौकटीत जागा दिली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. गल्लीतल्या एकट्या कारागिरापर्यंत ही चौकट पोचते का, यावर तिचे यश ठरेल.

आधीच्या धन्याच्या खुणा

दिवाळीच्या आवराआवरीत जुना संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. फाइल ‘डिलीट’ केली की ती पुसली जात नाही. अनुक्रमणिकेतले नाव खोडले जाते, मजकूर पानावर तसाच राहतो. फॉरमॅट केल्यानेही बहुधा अनुक्रमणिकाच नवी होते. सहज मिळणाऱ्या साधनांनी तो मजकूर परत वाचता येतो. फिरत्या डिस्कवर एकदा सबंध शून्ये लिहून घेतली की पुरते. एसएसडीची रचना वेगळी असल्याने तिला तिच्याच पुसण्याच्या आज्ञेने रिकामे करावे लागते. अनेक संस्था या भीतीपोटी डिस्कबरोबर अख्खी पेटी चिरडतात. त्यापेक्षा डिस्क काढून घेऊन पेटी द्यावी, ती नाहीतरी एसएसडीवरच जगणार असते.

दुसरे घर

दुरुस्त झालेली पेटी कुठे जावी? वाचकांच्या जवळचे एक ठिकाण म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमध्ये जन्मली. तिथल्या एका ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती आणि नवी विकत घेणे परवडणारे नव्हते. म्हणून नवी लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती कामाला लावून सर्वांना खुली केली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या चौथ्या पिढीच्या पेटीवर तालुक्याच्या ग्रंथालयाची सूची आणि देवघेव कोहात सहज चालते, तीही देवनागरीत.

दुसरे ठिकाण मराठी प्रकाशन-व्यवसायात आहे आणि तिथे प्रश्न पैशांचा नसून स्मरणाचा आहे. १९९० नंतरची दोन दशके मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक मोठ्या प्रमाणावर पेजमेकरमध्ये जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. फॉन्ट नसेल तर पान उघडूनही अगम्य चिन्हेच दिसतात. काही टंक-सॉफ्टवेअर तर मागच्या पोर्टला ‘डोंगल’ लावल्याशिवाय चालतच नव्हती आणि तो पोर्ट आता नव्या यंत्रांत क्वचितच असतो. अॅडोबीच्या इनडिझाइनने सीएस६ या आवृत्तीनंतर पेजमेकरच्या फायली उघडणे सोडून दिले.

म्हणजे डीटीपी करणाऱ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली विंडोज एक्सपीची पेटी ही अनेक पुस्तकांची एकमेव किल्ली असू शकते. वर सांगितलेली २०११ ची सीमारेषा अशा यंत्राला लावू नये. ते रोज चालवायचे नाही. त्याचा सेल बदलावा, फुगलेले कॅपॅसिटर बदलावेत, डिस्कची दुसरी प्रत करून ठेवावी. इंटरनेट त्याला कधीही जोडू नये. मग एकेक फाइल उघडून तिची फॉन्टसह पीडीएफ करावी आणि मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून तपासावा. हे काम ते यंत्र सुरू होते आहे तोवरच होणार आहे. ज्या प्रकाशकांकडे, मुद्रकांकडे अशी पेटी असेल, त्यांनी ती रद्दीबरोबर देण्याआधी एकदा उघडून पाहावी. वहीत तिची किंमत केव्हाच शून्य झालेली असेल, पण तिच्या डिस्कवर असलेल्या पुस्तकांची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल.